हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

अमेरिकेच्या ईशान्येला व्हर्माँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. तिथल्या स्ट्रॅफर्ड गावात एक गुलाबी घर उभे आहे, टोकदार कमानींचे, लाकडी नक्षीच्या झालरींचे, सतरा खोल्यांचे. जस्टिन स्मिथ मॉरिल या माणसाने ते स्वतः आखून बांधले. हा लोहाराचा मुलगा. जन्म १८१० चा, दहा भावंडांत थोरला. घरात इतकी तोंडे असताना एकाला कॉलेजात धाडणे बापाला परवडणारे नव्हते, म्हणून पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग दुकानात कारकुनी, पुढे दुकानात भागीदारी. पैसा साठला तसा अडतिसाव्या वर्षी गडी धंद्यातून मोकळा झाला. शेती, बाग आणि पुस्तके यांत उरलेले आयुष्य काढायचा बेत होता. तो सहा वर्षे टिकला. १८५४ मध्ये मॉरिल निवडून आला, बारा वर्षे प्रतिनिधिगृहात आणि एकतीस वर्षे सिनेटमध्ये बसला. डिसेंबर १८९८ मध्ये वारला तेव्हाही तो सिनेटरच होता.

त्याच्या नावापुढे 'राजकारणी आणि शेतकरी' असे लिहायची पद्धत आहे. आपल्याकडे निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिणारे पुष्कळ असतात, त्यामुळे मराठी वाचक इथे थोडा हसेल. मॉरिलला शेतकरी म्हणायचे तर हौशी बागाईतदार म्हणावे लागेल. झाडे लावली, जनावरे पाळली, पण पोट त्यावर नव्हते. तरीही सुटलेल्या शाळेची बोच खरी होती आणि आसपासच्या जमिनीचा कस उतरतो आहे ही चिंताही खरी होती. तेच तेच पीक घ्यायचे, जमीन थकली की पश्चिमेला नवी गाठायची, अशी त्या काळच्या अमेरिकन शेतीची रीत होती. युरोपात शेतीच्या शाळा निघाल्या आहेत आणि आपल्याकडे कॉलेज म्हणजे पाद्री, वकील आणि डॉक्टर घडवायचे कारखाने, हे त्याने भर सभागृहात बोलून दाखवले.

त्याच्या बाकीच्या कारकिर्दीत इथे शिरत नाही. १८६१ चे जकातवाढीचे विधेयक त्याच्याच नावाने ओळखले जाते आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. मला त्याच्या वेगळ्याच कायद्याविषयी बोलायचे आहे, जमीन देऊन कॉलेजे काढायच्या 'लँड-ग्रँट' कायद्याविषयी. तो नसता तर आपल्याकडची कृषी विद्यापीठेही आज आहेत तशी दिसली नसती.

मॉरिलने हे विधेयक प्रथम १८५७ मध्ये मांडले. केंद्र सरकारकडे पश्चिमेत अफाट जमीन पडून आहे, ती राज्यांना वाटा, राज्यांनी ती विकावी आणि त्या पैशातून शेती नि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढावीत, अशी साधी कल्पना. ती पूर्णपणे त्याची नव्हती. इलिनॉयचे जोनाथन बाल्डविन टर्नर कष्टकऱ्यांच्या विद्यापीठासाठी आधीपासून घसा कोरडा करत होते, आणि मिशिगनने १८५५ मध्येच स्वतःचे शेती कॉलेज काढले होते. पण कल्पना सुचणे वेगळे आणि मते जमवणे वेगळे. दक्षिणेकडच्यांना केंद्राचा हात शिक्षणात नको होता. पश्चिमेकडच्यांना सट्टेबाजांची भीती होती. मिनेसोटाचे सिनेटर हेन्री राइस म्हणाले की आम्हाला शौकीन शेतकरी नकोत नि शौकीन कारागीरही नकोत, कसणाऱ्यांना घरे हवीत. विधेयक दोन्ही सभागृहांत कसेबसे पार पडले, पण १८५९ मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी ते परत पाठवले. तिजोरीत पैसा नाही, राज्ये केंद्रापुढे हात पसरायला शिकतील आणि राज्यघटना याला परवानगी देत नाही, ही त्यांची कारणे. मग यादवी पेटली आणि दक्षिणेचे सदस्य सभागृह सोडून गेले. विरोधाचा कणा मोडला. २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी सही केली.

कायद्यातला हिशेब असा होता. राज्याचे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जितके सदस्य, तितक्या वेळा ३०,००० एकर. ज्या राज्यात सरकारी जमीन उरलेली नाही त्याला जमिनीऐवजी रोखे द्यायचे. ते रोखे विकत घेणाऱ्याने पश्चिमेत जाऊन जमीन निवडायची. म्हणजे व्हर्माँटच्या कॉलेजसाठी विस्कॉन्सिन किंवा कॅलिफोर्नियातले रान विकले जायचे, तेही व्हर्माँटच्या माणसाने ते रान कधी न पाहता. सगळ्या राज्यांचे रोखे एकदम बाजारात आले आणि भाव कोसळला. ऱ्होड आयलंडने एकरी पन्नास सेंटसुद्धा मिळवले नाहीत. न्यूयॉर्कच्या वाट्याला जवळजवळ दहा लाख एकरांचे रोखे आले होते. तिथे एझ्रा कॉर्नेल या व्यापाऱ्याने घाई केली नाही. विस्कॉन्सिनातली पाइनची जंगले निवडून धरून ठेवली, आणि कॉर्नेल विद्यापीठाला त्यातून पुढे सुमारे पन्नास लाख डॉलर मिळाले. त्या जंगलांत ओजिब्वे या मूळ निवासी जमातीचे लोक राहत होते.

आपल्याकडे अशा दानाला एक म्हण आहे, तीच मी शीर्षकात घेतली आहे. 'ग्रँट' या शब्दात देणारा आला, घेणारा आला. ज्याचे होते तो त्या शब्दात कुठेच नाही. २०२० मध्ये 'हाय कंट्री न्यूज' या अमेरिकन नियतकालिकासाठी इतिहासकार रॉबर्ट ली आणि पत्रकार ट्रिस्टन अहटोन यांनी या कायद्याखाली गेलेल्या जमिनीचे तुकडे न् तुकडे शोधून काढले. सुमारे १ कोटी ७ लाख एकर, जवळजवळ २५० जमाती आणि समूह, १६० हून अधिक करार किंवा जप्त्या. या सगळ्या जमिनीपोटी त्या लोकांना सरकारने दिलेली रक्कम चार लाख डॉलरपर्यंतही पोचत नाही. कित्येक ठिकाणी दमडीही दिलेली नाही.

कॅलिफोर्नियाचे पाहा. १८५१-५२ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी तिथल्या जमातींशी अठरा करार केले. जमिनी सोडा, बदल्यात राखीव क्षेत्रे घ्या. सिनेटने बंद दाराआड बसून ते सगळे करार फेटाळले आणि कागद दडपून ठेवले. ते १९०५ मध्ये उजेडात आले. तोवर जमिनी गेल्याच होत्या, राखीव क्षेत्रे मात्र मिळाली नव्हती. त्या जमिनींचे रोखेवाले देशभर होते.

आणि मिनेसोटा. १८५१ च्या करारांनी डकोटा लोकांनी दक्षिण मिनेसोटाचा सुपीक पट्टा सोडला आणि नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीवर सरकले. बदल्यात वर्षासन ठरले. १८६२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे लिंकन यांची सही वाळत होती तेव्हाच, ते वर्षासन वेळेवर आले नाही. व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. पोरे उपाशी. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले, शेकडो वसाहतवाले मारले गेले, आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकॅटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच चौथऱ्यावर फाशी दिले गेले. लष्करी न्यायालयाने ३०३ जणांना फाशी सांगितली होती. यादी तपासून ३८ वर आणली ती लिंकन यांनीच. आज मिनेसोटा विद्यापीठाच्या जमीन-निधीचा उगम शोधत गेले की १८५१ च्या त्याच डकोटा जमिनीपाशी पोचतो.

मॉरिलला हे ठाऊक नव्हते असे म्हणणे कठीण आहे. त्याच्या भाषणांत पश्चिमेची जमीन म्हणजे साऱ्या राष्ट्राची सामाईक ठेव. एकदा असे धरले की कोण उठले, कुठे गेले, काय खाल्ले हा प्रश्नच पडत नाही. पण त्या कायद्यातले एक कलम मला या सगळ्यापेक्षा जास्त टोचते. जमीन विकून आलेली मुद्दल सुरक्षित रोख्यांत गुंतवायची, व्याज किमान पाच टक्के यायला हवे, आणि मुद्दल कधीही कमी होता कामा नये. काही कारणाने घटलीच तर राज्याने पदरचे घालून ती भरून काढायची. खर्च करायचा तो व्याजाचा. मुद्दल अक्षय. देवस्थानाची इनामे लिहून देणाऱ्यांनीही इतकी काळजी घेतली नसेल. एका बाजूला कॉलेजचा पैसा युगानुयुगे टिकावा म्हणून इतकी तजवीज, आणि ज्याच्या जमिनीचा तो पैसा, त्याचा हिशेब एकदाच, कवडीमोलाने, किंवा मुळीच नाही. एकाच व्यवहारात काळ मोजायची दोन मापे.

माझे म्हणणे एवढेच आहे की दोन्हीकडे एकच माप लावा. मुद्दल अजून शिल्लक असेल, आणि कायद्याने ती शिल्लक असायलाच हवी, तर देणेही शिल्लक आहे. हे पूर्वजांच्या पापाचे ओझे नव्हे. चालू खात्यातली नोंद आहे. किमान बारा राज्यांकडे त्या कायद्याने आलेल्या जमिनीपैकी काही अजून विकली न गेलेली आहे, काहींकडे तर जमीन गेली तरी खाली सापडेल त्या खनिजाचा हक्क आहे. त्याचे उत्पन्न विद्यापीठे दरसाल घेतात.

आता कोणी म्हणेल, मग ती विद्यापीठे झालीच नसती तर बरे झाले असते का? मी तसे म्हणू शकत नाही, आणि त्याचे कारण मराठीच आहे. कार्व्हर आपल्याला परका नाही. शेंगदाण्याचा कार्व्हर, टस्कीगीचा कार्व्हर, हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोरांना सांगितला जातो. तो गुलामीत जन्मलेला मुलगा वनस्पतिशास्त्र कुठे शिकला? आयोवाच्या एम्स गावातल्या कृषी कॉलेजात, १८९० च्या दशकात. मॉरिलचा कायदा सर्वांत आधी स्वीकारणारे राज्य आयोवाच. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या चळवळीत होते, आणि त्याच काळात कॉर्व्हॅलिस आणि पुलमन इथल्या अशाच दोन कॉलेजांत शेतीशास्त्र शिकत होते. तीच विद्या घेऊन ते मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी शाळेत मक्यावर काम करत बसले. पंतनगरचे विद्यापीठ १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने उभे राहिले ते या नमुन्यावर. मग १९६८ मध्ये राहुरी, पुढे अकोला, परभणी, दापोली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्रिसूत्री, जिचा उच्चार आपल्याकडच्या प्रत्येक कृषी पदवीधराला तोंडपाठ असतो, ती तिकडून आली. फुले वसुधा ज्वारीची किंवा फुले संगम सोयाबीनची पिशवी उघडणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत मॉरिलचा धागा पोचतो. इलिनॉयच्या वाट्याला ४ लाख ८० हजार एकरांचे रोखे आले होते, त्यामुळे ओजिब्वे, डकोटा आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या जमिनीचा धागाही पोचतो. हे उपकार नाकारून मी हातावर पाणी सोडायला तयार नाही. पण धागा एकच आहे, आणि त्याचे एकच टोक दाखवण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा. तो काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने कालची माणसे मोजू नका. हे मला बऱ्याच बाबतींत पटते. इथे पटत नाही, कारण फूटपट्टी मॉरिलचीच आहे. पहिल्या कायद्यानंतर दक्षिणेतल्या कॉलेजांनी काळ्या मुलांना दारातच अडवले. १८९० मध्ये, ऐंशीच्या घरात, मॉरिलने दुसरा कायदा आणला. प्रत्येक राज्याला दरसाल १५,००० डॉलर, वाढत २५,००० पर्यंत, पण अट अशी की प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या कॉलेजाला छदाम मिळणार नाही. भेद करायचाच असेल तर काळ्यांसाठी वेगळे कॉलेज काढा आणि पैसा न्याय्य रीतीने वाटा. ही पळवाट फार महागात पडली. दक्षिणेने तिचा पुरेपूर वापर केला, वेगळी कॉलेजे काढली आणि त्यांना वर्षानुवर्षे उपाशी ठेवले. तरी त्याच पैशावर जगलेली त्यांतली बरीच आजही चालू आहेत. सांगायचा मुद्दा हा की पैशाला अट कशी बांधायची हे मॉरिलला येत होते, आणि कोण बाहेर राहिला हे दिसल्यावर कायदा पुन्हा लिहायची उमेदही त्याच्यापाशी होती. डकोटा त्याला दिसला नाही. दिसला असता तर काय लिहिता आले असते, याचाही दाखला आहे. १९११ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट लुईसची जुनी लष्करी जागा केंद्राने राज्याला दिली, ती एका अटीवर. तिथल्या शाळेत मूळ निवासी मुलांना फी न घेता शिकवायचे. पुढे तिथले कॉलेज ड्युरँगो शहरात हलले, पण अट सोबत गेली. आजही त्या कॉलेजात कुठल्याही मान्यताप्राप्त जमातीच्या मुलाला शिक्षणशुल्क माफ आहे, आणि हा सगळा चमत्कार एका वाक्याने झाला. १८६२ मध्ये ते वाक्य लिहायला शाई संपली नव्हती.

पहिल्या कायद्याच्या लाभार्थींचीही गोष्ट इथे आठवते, कारण ती माझ्या बाजूने बोलते. कनेक्टिकटने आपला निधी येलला दिला. येलने शास्त्रशाखा उत्तम चालवली, पण शेतकऱ्यांची पोरे तिथे फारशी दिसेनात. ग्रेंज या शेतकरी संघटनेने वर्षानुवर्षे ओरड केली, आणि १८९३ मध्ये निधी येलच्या हातून काढून स्टॉर्स गावच्या शेती शाळेला दिला गेला. ऱ्होड आयलंडमध्येही ब्राउन विद्यापीठाच्या बाबतीत असेच झाले. म्हणजे हा पैसा कोणासाठी आहे असे विचारायची आणि उत्तर पटले नाही तर तो हलवायची रीत एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली होती. गोऱ्या शेतकऱ्याने विचारले तर कायदा बदलला. तोच प्रश्न डकोटाने विचारला की तो इतिहास होतो.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या विद्यापीठांनी एक उपाय काढला आहे. पदवीदान असो, परिसंवाद असो, सुरुवातीला एक परिच्छेद वाचायचा, की आपण अमुक जमातीच्या पूर्वापार भूमीवर जमलो आहोत. हे वाचन न करण्यापेक्षा बरे, इतकेच म्हणेन. सत्यनारायणाच्या पूजेत संकल्प सोडतात तसे ते आता म्हटले जाते, मान खाली घालून, लवकर. आणि गमतीची गोष्ट अशी की विद्यापीठाची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचेच नाव त्यात असते. विद्यापीठ ज्या जमिनीवर जगले ती शेकडो कोसांवर, दुसऱ्या राज्यात. तिचे नाव कोणी घेत नाही.

या बाबतीत आपल्या मराठी सरकारी भाषेने एक शब्द घडवला आहे, त्याचा मला चक्क अभिमान वाटतो. 'प्रकल्पग्रस्त'. धरण, कारखाना, विद्यापीठ, कशासाठीही जमीन गेली की त्या माणसाला नाव मिळते, दाखला मिळतो, तो दाखला मुलाला लावता येतो, आणि सरकारी भरतीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्या दाखल्यांचे काय होते हे मी सांगायला नको. कृषी विद्यापीठांना जमिनी दिलेल्यांची नातवंडे अजून नोकरीसाठी उपोषणाला बसतात, बोगस दाखले निघतात, खरा माणूस टेबलामागून टेबल हिंडतो. सगळे मान्य. पण निदान तो माणूस मागायला जातो तेव्हा त्याला आपण कोण आहोत हे पहिल्यापासून सांगत बसावे लागत नाही. मागणीला कागद आहे. कागद आहे म्हणून भांडता येते. अमेरिकेच्या विद्यापीठ-व्यवहारात त्या माणसासाठी असा कागदच नव्हता. १९९४ मध्ये जमातींनी स्वतः चालवलेल्या कॉलेजांना लँड-ग्रँटचा दर्जा दिला गेला, पण जमीन दिली गेली नाही, एक निधी दिला गेला. ज्यांची जमीन वाटली त्यांना शेवटच्या पंगतीत बसवले, आणि पान वाढले तेही बेताचे.

करायला काय हवे, हे फार गुंतागुंतीचे नाही. कोणत्या विद्यापीठाने कोणाच्या किती एकरांवर किती मिळवले, हे आता तुकडानिहाय नकाशांसह उपलब्ध आहे. सातबारा तयार आहे असे म्हणा. त्या जमातींच्या मुलांना, ती आज कुठल्याही राज्यात राहत असोत, त्या त्या विद्यापीठात फीमाफी आणि राहण्याजेवणाची सोय. अजून न विकलेल्या जमिनीचे आणि खनिजांचे उत्पन्न जमातींशी वाटून घेणे. मिशिगनने १९७६ मध्येच मूळ निवासींना शुल्कमाफी दिली, तिथली विद्यापीठे काही बुडाली नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठानेही २०२२ मध्ये आपल्या राज्यात राहणाऱ्या, मान्यताप्राप्त जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी तसे केले.

मिनेसोटा विद्यापीठानेही २०२१ मध्ये फीमाफीची योजना जाहीर केली. बातमी वाचून मला बरे वाटले, मग अटी वाचल्या. उत्पन्नाची मर्यादा होती, ती एकवेळ समजू शकतो. दुसरी अट अशी की विद्यार्थी मिनेसोटात असलेल्या अकरा मान्यताप्राप्त जमातींपैकी एकीचा सदस्य हवा. वाचताना वावगे वाटत नाही. पण १८६३ मध्ये काँग्रेसने कायदा करून डकोटांशी झालेले सारे करार रद्द केले आणि त्यांना मिनेसोटातून हाकलले. बोटींत कोंबून त्यांना मिसूरी नदीकाठच्या क्रो क्रीक इथे नेले, पहिल्याच वर्षी त्यांतले शेकडो मेले, उरलेले पुढे नेब्रास्कात सँटी इथे वसवले. त्यांची पणतवंडे आज नेब्रास्कात आणि साउथ डकोटात आहेत. विद्यापीठ ज्यांच्या जमिनीवर जगले ते लोक हेच. त्या अकरांच्या यादीत सँटी नाही आणि क्रो क्रीकही नाही.